बटण अर्ध्यावर थांबवा!

चाळीसएक छायाचित्रे काढून त्यांतले एकही उपयोगी पडू नये, असा अनुभव तुम्हाला कधी आला आहे काय? मला आला आहे, आणि तोही भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला! त्या फजितीची कारणे शोधताना प्रकाशशास्त्राचा एक चांगला धडा हाती लागला. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

जानेवारीतली एक सकाळ. मालवणच्या जेटीवरून आमची होडी सुटली. होडीत आमच्या कॉलेजचे सहा विद्यार्थी, मी, होडीवाले काका आणि २०० मिलिमीटर नाभीय अंतराचे लांब भिंग लावलेला एक डिजिटल कॅमेरा. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला मागे टाकून आम्ही दक्षिणेकडे वळलो. आम्हाला डॉल्फिनची छायाचित्रे हवी होती. आपल्याकडचे मच्छीमार त्याला ‘गादा’ म्हणतात. अर्ध्या तासातच डॉल्फिन दिसले. पाणी फुगल्यासारखे झाले, एक करडी पाठ वर आली, तिच्यावरचा पर क्षणभर चमकला आणि पुन्हा पाणी पूर्ववत. आम्ही बटण दाबत होतो. प्रत्येकाने आपली पाळी साधली.

घरी येऊन पाहतो तो काय! ४१ छायाचित्रांपैकी बहुतेकांत नुसते पाण्यावरचे वर्तुळ होते. डॉल्फिन केव्हाच बुडालेला. नऊ छायाचित्रांत तो सापडला होता, पण धुक्यातून पाहावे तसा पुसट. गंमत म्हणजे त्याच छायाचित्रांत अलीकडच्या लाटा मात्र छान रेखीव आल्या होत्या. एकात तर होडीच्या टोकाला बांधलेल्या दोरीचा पीळन् पीळ मोजता येत होता!

म्हणजे आमच्या चुका दोन प्रकारच्या होत्या. एक वेळेची, दुसरी फोकसची. या दोन्ही चुकांचे मूळ एकाच जागी होते. ते म्हणजे कॅमेऱ्याचे बटण दाबण्याची आमची पद्धत.

परावरून ओळख

छायाचित्र थोडे पुसट आले तर एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. सहलीच्या आठवणीसाठी काही बिघडत नाही. पण आम्हाला ती छायाचित्रे अभ्यासासाठी हवी होती.

आपल्या किनाऱ्याजवळ जो डॉल्फिन नेहमी दिसतो, त्याच्या पाठीवर एक उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर पर असतो. म्हणून त्याला कुबडाचा डॉल्फिन म्हणतात. हिंदी महासागराच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तो राहतो. तो आज संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.

एखाद्या खाडीच्या तोंडाशी असे किती डॉल्फिन राहतात हे कसे मोजायचे? आज पाच दिसले, उद्या पाच दिसले. ते दहा आहेत की तेच पाच? पक्ष्यांच्या पायात वाळे घालतात तसे येथे काही करणे अवघड. पण निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. जाळ्यात अडकून, आपापसांतल्या झटापटीत किंवा होडीचा धक्का लागून डॉल्फिनच्या पराच्या कडेवर खाचा पडतात, ओरखडे उठतात. प्रत्येकाच्या पराची कडा वेगळी. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखीच म्हणा ना! जगभरचे संशोधक परांची छायाचित्रे जुळवून डॉल्फिनची गणती करतात. पण त्यासाठी पराची कडा स्पष्ट दिसली पाहिजे. पुसट छायाचित्रातला डॉल्फिन हा हजेरीपटावर नाव न लिहिता मारलेल्या खुणेसारखा आहे. कोणीतरी होते एवढेच कळते; कोण होते ते कळत नाही.

भिंग जागचे का हलते?

आता फोकस म्हणजे काय ते पाहू. दहावीच्या पुस्तकातले भिंगाचे सूत्र आठवा. चिन्हे बाजूला ठेवून नुसती अंतरे घेतली, तर बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर पडणाऱ्या प्रतिमेसाठी ते असे लिहिता येईल :

१/वस्तुअंतर + १/प्रतिमाअंतर = १/नाभीय अंतर

भिंगाचे नाभीय अंतर ठरलेले असते. म्हणून वस्तू जवळ आली की प्रतिमा भिंगापासून दूर सरकते आणि वस्तू दूर गेली की प्रतिमा जवळ येते. कॅमेऱ्यातला पडदा, म्हणजे प्रकाश टिपणारा संवेदक, मात्र जागेवर पक्का बसवलेला असतो. प्रतिमा नेमकी त्याच्यावर पडावी यासाठी भिंगच पुढेमागे सरकवावे लागते. यालाच फोकस साधणे म्हणतात. कॅमेरा हे काम स्वतः करतो तेव्हा त्याला ऑटोफोकस म्हणतात.

आमच्या भिंगाचे उदाहरण घेऊ. नाभीय अंतर २०० मिलिमीटर. डॉल्फिन ५० मीटरवर आहे. सूत्रात किमती घातल्या की प्रतिमाअंतर २००.८० मिलिमीटर येते. कॅमेऱ्याने मात्र चुकून २० मीटरवरच्या लाटेवर फोकस साधला. लाटेचे प्रतिमाअंतर २०२.०२ मिलिमीटर. म्हणजे संवेदक डॉल्फिनच्या खऱ्या प्रतिमेच्या १.२२ मिलिमीटर मागे राहिला. एवढ्याशा फरकाने काय होणार?

हिशेब करू. भिंगाच्या खुल्या छिद्राचा व्यास ४० मिलिमीटर धरू. पराच्या एका बिंदूपासून निघालेले किरण या ४० मिलिमीटर रुंद छिद्रातून आत येतात आणि शंकूप्रमाणे निमुळते होत २००.८० मिलिमीटरवर एका बिंदूत मिळतात. तेथून पुढे ते पुन्हा पसरू लागतात. १.२२ मिलिमीटर पुढे गेल्यावर त्यांची एक गोल चकती होते. समरूप त्रिकोणांवरून तिचा व्यास :

४० × १.२२ ÷ २००.८ = ०.२४ मिलिमीटर

म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. आता पराची प्रतिमा केवढी पडते ते पाहा. पर १५ सेंटिमीटर उंच धरला, तर ५० मीटरवरून त्याची प्रतिमा जेमतेम ०.६ मिलिमीटर उंचीची होते आणि कडेवरच्या दोन सेंटिमीटरच्या खाचेची प्रतिमा फक्त ०.०८ मिलिमीटर! प्रत्येक बिंदूची जर पाव मिलिमीटरची चकती होत असेल, तर त्याच्या एकतृतीयांश आकाराची खाच शिल्लक राहील काय? ती पुसलीच जाणार. पुढे छायाचित्र कितीही मोठे केले तरी ती परत येत नाही, कारण ती माहिती संवेदकावर पोचलेलीच नसते.

मग तुमच्या घरातल्या मोबाइलवर सगळे काही स्पष्ट कसे येते? त्याचे भिंग इवलेसे असते. नाभीय अंतर पाच मिलिमीटर धरले, तर एक मीटरवरची वस्तू आणि क्षितिज यांच्या प्रतिमांमध्ये फक्त ०.०२५ मिलिमीटरचा फरक पडतो. छिद्रही लहान, त्यामुळे चकत्या बारीक. जुन्या पिढीतल्या अनेक घरी असलेल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात तर फोकस साधण्याची सोयच नव्हती. लहान छिद्राच्या जोरावर काही पावलांपलीकडचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येई. पण लांबचे टिपणाऱ्या मोठ्या भिंगाला ही सवलत नाही. त्याला नेमकेपणा हवाच.

एका बटणात दोन बटणे

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. कॅमेऱ्याचे बटण दारावरच्या घंटीच्या बटणासारखे दिसते. दाबले की वाजले. पण ते तसे नाही. त्याच्या आत दोन स्विच एकाखाली एक असतात. धातूच्या तीन लवचिक पट्ट्या एकीवर एक, थोडे थोडे अंतर ठेवून बसवल्या आहेत अशी कल्पना करा. बटण हलकेच दाबले की वरची पट्टी मधलीला टेकते. हा पहिला स्विच. आणखी दाबले की दोघी मिळून खालच्या पट्टीला टेकतात. हा दुसरा स्विच. कॅमेऱ्याप्रमाणे रचना थोडी निराळी असेल, पण तत्त्व हेच.

पहिला स्विच जुळला की कॅमेरा दोन कामे करतो. समोरचा उजेड मोजून छिद्र किती उघडायचे आणि संवेदकावर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा हे ठरवतो, आणि भिंग सरकवून फोकस साधतो. काम झाले की चौकटीत हिरवी खूण उमटते, बहुतेक कॅमेऱ्यांत बारीक आवाजही होतो. दुसरा स्विच जुळला की प्रत्यक्ष छायाचित्र टिपले जाते.

बोट अर्ध्यावर थांबवले तर ही दोन कामे वेगळी होतात. तयारी आधी, टिपणे नंतर. बोटाने एकदम कचकन दाबले तर दोन्ही स्विच जवळजवळ एकाच वेळी जुळतात. मग कॅमेऱ्याची पंचाईत होते. टिपण्याचा हुकूम आला आहे, पण फोकस व्हायचा आहे! नेहमीच्या मांडणीत तो आधी फोकस शोधतो आणि मग छायाचित्र घेतो. मधला वेळ वाया जातो. आमच्या नुसत्या पाण्याच्या छायाचित्रांचे रहस्य हेच. समजा फोकस शोधण्यात अर्धा सेकंद गेला आणि डॉल्फिन सेकंदाला तीन मीटर वेगाने पोहत होता. तेवढ्यात तो दीड मीटर पुढे गेला. पाठ वर दिसते एखाददुसरा सेकंद. त्यातला काही भाग आपल्या डोळ्याला दिसून बोटापर्यंत हुकूम पोचण्यातच खर्च झालेला. उरले काय? पाण्यावरचे वर्तुळ!

कॅमेरा फोकस कसा शोधतो?

कॅमेऱ्याला डॉल्फिन म्हणजे काय हे ठाऊक नसते. मग फोकस जुळला हे त्याला कसे कळते? त्याच्या दोन मुख्य रीती आहेत.

पहिली रीत उजेड-अंधाराच्या भेदाची. संवेदक लक्षावधी बारीक चौकोनांचा बनलेला असतो आणि प्रत्येक चौकोन आपल्यावर पडलेल्या उजेडाचा एक आकडा देतो. समजा काळ्या परामागे उजळ पाणी आहे. फोकस बरोबर असेल तर कडेजवळच्या एका रांगेतले आकडे असे येतील : १०, १०, १०, २००, २००, २००. शेजारच्या दोन आकड्यांतला सर्वांत मोठा फरक १९०. फोकस चुकला तर कडा पसरते आणि आकडे असे होतात : १०, ४०, ८५, १२५, १७०, २००. आता सर्वांत मोठा फरक फक्त ४५. म्हणजे भिंग सरकवत जावे आणि शेजारच्या आकड्यांतला फरक जेथे सर्वाधिक होईल तेथे थांबावे. झाला फोकस!

यात एक अडचण आहे. दाट धुक्यात टेकडी चढणाऱ्या माणसाला माथा आला हे केव्हा कळते? पुढचे पाऊल खाली पडते तेव्हा. कॅमेऱ्याचेही तसेच. सर्वोच्च जागा ओलांडून फरक कमी होऊ लागला की त्याला कळते, मग तो मागे येतो. सुरुवातीला पुढे जावे की मागे हेही त्याला ठाऊक नसते. या येरझाऱ्यांत वेळ जातो.

दुसरी रीत दोन डोळ्यांची. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा डावीउजवीकडे उडी मारतो. भिंगाचा डावा भाग आणि उजवा भाग हेही असे दोन डोळे मानता येतात. फोकस बरोबर असेल तर दोन्ही भागांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसतात. चुकला असेल तर त्या एकमेकींपासून सरकलेल्या असतात. किती सरकल्या त्यावरून चूक किती ते कळते, आणि कोणत्या बाजूला सरकल्या त्यावरून भिंग पुढे न्यायचे की मागे तेही कळते. येथे चाचपडणे नाही. म्हणून ही रीत वेगवान आहे. आता अनेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्येही संवेदकावरच काही चौकोनांच्या जोड्या अशा बसवलेल्या असतात की एकाला भिंगाची फक्त डावी बाजू दिसावी आणि दुसऱ्याला फक्त उजवी.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. एक मोठे बहिर्वक्र भिंग घ्या. काळ्या कागदाला सुमारे तीन सेंटिमीटर अंतरावर पाच मिलिमीटरची दोन छिद्रे पाडून तो भिंगावर बसवा. छिद्रे एका आडव्या रेषेत असू द्या. खोलीत अंधार करून एक मीटरवर मेणबत्ती ठेवा आणि भिंगामागे पांढरा कागद धरून तो सावकाश पुढेमागे करा. कागदावर दोन ज्योती दिसतील. कागद योग्य जागी आला की दोन्ही एक होतील. पुढे नेला की पुन्हा वेगळ्या होतील. आता एक छिद्र बोटाने झाका. कागद योग्य जागेपेक्षा भिंगाच्या जवळ असेल तर झाकलेल्या बाजूचीच ज्योत नाहीशी होते. लांब असेल तर विरुद्ध बाजूची! कारण तोवर किरणांनी एकमेकांना छेदलेले असते. हा प्रयोग नवा नाही. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन ज्योतिर्विदाने डोळ्याविषयीच्या आपल्या ग्रंथात दोन छिद्रांची ही युक्ती १६१९ मध्येच मांडली होती. आजचा वेगवान कॅमेरा चारशे वर्षांपूर्वीच्या याच युक्तीवर चालतो.

अंतर मोजावे की प्रतिमा तपासावी?

मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ मधला जपानचा कोनिका सी-३५ एएफ. त्यात दोन झरोक्यांतून आलेल्या प्रतिमा जुळवून अंतर ठरवले जाई. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या पोलरॉइड कंपनीने निराळीच वाट धरली. तिचा कॅमेरा समोर श्राव्यातीत ध्वनी सोडी आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. वस्तू ३.४ मीटरवर असेल तर प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परत येतो. गंमत पाहा, आपला डॉल्फिनही असाच ध्वनी सोडून आपले भक्ष्य शोधतो. मालवणच्या ट्रॉलरवर माशांचे थवे दाखवणारे यंत्र असते, त्याचेही तत्त्व हेच.

पण या रीतीला एक मर्यादा आहे. खिडकीच्या काचेतून बाहेरचे छायाचित्र काढू गेले तर ध्वनी काचेवरूनच परत येतो आणि कॅमेरा काचेवर फोकस साधतो! प्रतिमा तपासणाऱ्या रीतींना ही अडचण सहसा येत नाही.

आणखी एक उदाहरण घेऊ. तारकर्लीला पाणबुडीचा पोशाख घालून समुद्रतळ पाहायला लोक जातात. तेथे सपाट काचेच्या पेटीत ठेवलेल्या कॅमेऱ्याने एक मीटरवरचे प्रवाळ टिपायचे आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ असल्यामुळे ते प्रवाळ कॅमेऱ्याला पाऊण मीटरवर भासते. कोणी फूटपट्टीने मोजून भिंगाची खूण एक मीटरवर ठेवली, तर मापन अगदी अचूक असूनही छायाचित्र पुसट येईल! ऑटोफोकस मात्र पाऊण मीटरवरच थांबेल, आणि छायाचित्र स्पष्ट येईल. वस्तू खरोखर कोठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. किरण जेथून आल्यासारखे भासतात तेथे तो भिंग जुळवतो. भिंगालाही नेमके तेच हवे असते.

कॅमेरा कोठे फसतो?

दोन्ही रीती उजेड-अंधाराच्या भेदावर जगतात हे ध्यानात ठेवले, की कॅमेरा कोठे फसेल हे आधीच सांगता येते. कोरी भिंत, निरभ्र आकाश, दाट धुके आणि अंधार यांत भेदच नसतो. मग भिंग घरघर करत नुसते पुढेमागे होत राहते. अशा वेळी त्याच अंतरावरची एखादी ठळक कडा शोधून तिच्यावर फोकस साधावा.

काही कॅमेऱ्यांत डावीउजवीकडचे सरकणे तपासणारे संवेदक फक्त उभ्या रेषा ओळखतात. समुद्राच्या क्षितिजाची आडवी रेषा डावीकडे सरकवली काय आणि उजवीकडे सरकवली काय, ती तशीच दिसणार! कॅमेरा क्षणभर उभा धरला की ही अडचण सुटते.

तिसरी अडचण याच्या उलट. भेद भरपूर आहे, पण नको त्या वस्तूवर. माडाच्या झावळ्यांतून किल्ला टिपायला जावे तर झावळीच रेखीव येते. होडीची दोरी, जवळची चमकणारी लाट ही त्याचीच उदाहरणे. आधुनिक कॅमेरे माणसाचा चेहरा आणि डोळे ओळखू शकतात. पण चौकटीत जे काही आहे त्यातले तुम्हाला काय हवे आहे, हे ते मनकवडेपणाने जाणू शकत नाहीत. ते सांगावे लागते, आणि सांगण्याचे साधन म्हणजे अर्धवट दाबलेले बटण. फोकसची चौकट मध्यभागी एकच ठेवावी. ती हव्या त्या वस्तूवर धरून बटण अर्ध्यावर दाबावे. खूण उमटली की बोट न उचलता कॅमेरा हवा तसा वळवून रचना साधावी, आणि मग बटण पूर्ण दाबावे. बोट उचलले तर फोकस सुटतो. अर्ध्यावर धरून आपण पुढेमागे झालो किंवा वस्तू हलली तरीही तो चुकतो. अशा वेळी बोट उचलून पुन्हा दाबावे. वस्तू सतत जवळ-दूर होत असेल तर कॅमेऱ्यातली सतत फोकसची सोय निवडावी. तीत बटण अर्ध्यावर असेपर्यंत भिंग वस्तूमागे जात राहते.

मोबाइलच्या पडद्यावरच्या बटणाला अर्धा टप्पा नसतो. तेथे पडद्यावर हव्या त्या वस्तूला बोट लावावे. अनेक मोबाइलमध्ये बोट थोडा वेळ तसेच ठेवले की फोकस पक्का होतो. साधन निराळे, तत्त्व तेच.

दुसरी फेरी

पहिल्या फेरीहून परतताना मी काकांना म्हणालो होतो, “काका, तुमचे डॉल्फिन फार चपळ!” ते हसून म्हणाले, “सर, पाग आधीच हातात धरून उभा रवचा लागता. मासो दिसल्यार मगे सोडवूक बसलास तर मासो खय गावतलो?” पाग म्हणजे फेकायचे जाळे. मासा दिसल्यावर जाळे सोडवायला बसणारा उपाशीच राहणार! त्या दिवशी हे वाक्य मी हसण्यावारी नेले. वर लिहिलेला हिशेब मांडल्यावर मात्र त्यातले भौतिकशास्त्र दिसले.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी होडीतल्या दोऱ्या आधी बाजूला केल्या. डॉल्फिनच्या अंगावर होडी घालायची नाही, लांबूनच पाहायचे, हे काकांशी ठरलेलेच होते. दोन विद्यार्थी फक्त पाण्याकडे पाहत होते. पाठ एकदा वर येऊन बुडाली की काका दिशा सांगत, “आता थंयसर येतलो.” आमची विद्यार्थिनी त्या पाठीवर फोकस साधून बोट अर्ध्यावर धरून थांबे. बहुतेक वेळा डॉल्फिन जवळपास तेवढ्याच अंतरावर पुन्हा वर येई. पर दिसताच बोट किंचित खाली. बस्स!

त्या दिवशी ३० छायाचित्रे काढली. त्यांतली चार स्पष्ट आली. चार म्हणजे फार नव्हेत, हे खरे. पण त्यांतल्या दोन छायाचित्रांत, जी वीस मिनिटांच्या अंतराने काढली होती, पराच्या मागच्या कडेवर एकाच जागी एकाच आकाराची खाच होती. म्हणजे आम्ही ज्यांना दोन डॉल्फिन समजून वहीत लिहिले होते, तो एकच होता! विद्यार्थिनीने वहीतला एक आकडा खोडला. पहिल्या फेरीतल्या ४१ छायाचित्रांना जे सांगता आले नव्हते, ते या दोन छायाचित्रांनी सांगितले.

करून पाहा

१. वहीच्या पानावर पेन्सिलीने एक ठळक उभी रेषा काढा आणि दुसरे पान कोरे ठेवा. कॅमेऱ्याचे बटण अर्ध्यावर दाबून दोन्ही पानांवर फोकस साधून पाहा. कोठे वेळ लागतो? का?

२. एका मित्राला सेकंदकाटा असलेले घड्याळ धरायला सांगा. काटा बाराला आला की बटण एकदम पूर्ण दाबून छायाचित्र घ्या. मग आधी अर्ध्यावर धरून तसेच करा. दोन्ही छायाचित्रांत काटा कोठे आहे? सरकता सेकंदकाटा असलेले घड्याळ घेतल्यास फरक चांगला दिसतो.

३. आरशातल्या आपल्या प्रतिमेचे छायाचित्र काढायचे आहे. तुम्ही आरशापासून एक मीटरवर आहात. कॅमेरा किती अंतरावर फोकस साधेल? पोलरॉइडच्या ध्वनीच्या कॅमेऱ्याने काय केले असते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : प्रतिमा आरशाच्या मागे एक मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर भासते, ऑटोफोकस तेथेच थांबेल. ध्वनी मात्र आरशाच्या काचेवरूनच परत आला असता आणि कॅमेऱ्याने एक मीटरवरच फोकस साधला असता. छायाचित्रात आरशावरची धूळ स्पष्ट आली असती, आणि तुम्ही पुसट!